काळं जन्मतं, निळं होतं : छोट्या टेरियरचं मोठेपण ओळखण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

यॉर्कशायर टेरियरचं नुकतं जन्मलेलं पिल्लू पाहिलं, तर हेच पुढे रेशमी केसांचं निळं-सोनेरी कुत्रं होणार, यावर विश्वास बसत नाही. अंग काळंकुळीत असतं. भुवयांवर, गालांवर आणि पायांवर तेवढे तांबूस ठिपके. केस आखूड, कान पडलेले. पाठीचा काळा रंग पोलादी निळा व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. डँडी डिनमाँट टेरियरचं ‘मिरी’ रंगाचं पिल्लूही असंच काळं-तांबूस जन्मतं आणि मग राखाडी होतं. बेडलिंग्टन टेरियरची पिल्लं गडद जन्मतात आणि वाढता वाढता कोकरासारखी फिकी पडतात. त्यामुळे आठ आठवड्यांच्या वेतातून एक पिल्लू उचलायचं, तर समोर दिसतं त्यापेक्षा न दिसणाऱ्यावरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

हा प्रश्न जनुकशास्त्राहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणी-गावांत उंदीर मारणारे छोटे टेरियर पाळले जात. त्यांच्यातूनच 1865 साली हडर्सफील्ड बेन जन्मला. ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर यांनी त्याला प्रदर्शनांत उतरवलं. बेन स्वतः चांगला पाच किलोच्या आसपास होता, आजच्या यॉर्कशायरच्या मानाने थोराडच. पण त्याची पिल्लं मात्र पुन्हा पुन्हा लहान चणीची आणि लांब केसांची निघत. 1871 मध्ये गाडीखाली सापडून तो गेला, जेमतेम सहा वर्षांचा असताना. तेवढ्या काळात त्याने जातीवर असा ठसा उमटवला, की आजच्या यॉर्कशायर टेरियरचा मूळपुरुष त्यालाच मानतात.

असा एखादा नर आपल्या पिल्लांवर छाप हमखास उमटवतो, हे तेव्हाच्या पैदासकारांना अनुभवाने ठाऊक होतं. कारण त्यांना सांगता येत नव्हतं. बेनच्या वंशावळीत ते लपलेलं आहे : त्याचा बाप हा त्याच्या आईचाच मुलगा होता. इतक्या जवळच्या संकरातून जन्मलेल्या कुत्र्याकडे अनेक जनुकांच्या दोन्ही प्रती सारख्याच असतात, आणि मग तो पुढच्या पिढीला त्या ठिकाणी एकच गोष्ट देऊ शकतो. अंदाज बरोबर येण्याची ही जुनी किल्ली होती. तिची किंमतही तेव्हापासूनच जातीच्या अंगावर पडली. जी कृती चांगला केस पक्का करते, तीच लपलेला रोगही पक्का करते.

बेन जन्मला त्याच वर्षी, वारशाचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने ब्रनो शहरात आपले वाटाण्याचे प्रयोग मांडले. पण ते पस्तीस वर्षं कुणी मनावर घेतले नाहीत. मधल्या काळात कुत्र्यांच्या जगात हिशोब चालायचा तो ‘रक्ताचा’. 1897 मध्ये इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टनने त्या हिशोबाला गणिताचं रूप दिलं : आई-बाप मिळून अर्धा वारसा, चार आजी-आजोबा मिळून पाव, त्यामागची पिढी अष्टमांश. त्यासाठी त्याने वापरलेली आकडेवारी कुत्र्यांचीच होती, बॅसेट हाउंडच्या रंगांच्या नोंदी. सूत्र देखणं होतं, आणि कळपाच्या सरासरीला बऱ्यापैकी लागूही पडायचं. एका पिल्लाच्या बाबतीत मात्र ते फसायचं, कारण रक्त दुधात पाणी मिसळावं तसं मिसळत नाही. त्याच काळात दुसरा एक समज घट्ट होता : कुत्रीवर आधी एखादा परका नर चढला असेल, तर पुढच्या वेतांवरही त्याची छाया पडते. स्कॉटलंडमध्ये प्राणिशास्त्रज्ञ कॉसर ईवर्टने झेब्रा आणि घोड्यांचे संकर करून याला आधार नसल्याचं दाखवलं, तरी हा समज लवकर हटला नाही. कितीतरी चांगल्या कुत्र्या त्यापायी ‘बिघडलेल्या’ ठरल्या, याचं वाईट वाटतं.

1900 मध्ये मेंडेलचं काम पुन्हा उजेडात आलं आणि जुन्या कोड्यांना अर्थ आला. केर्न आणि वेस्ट हायलंड हे स्कॉटलंडचे दोन छोटे टेरियर तेव्हा एकमेकांत मिसळलेले होते. गडद आई-बापांच्या पोटी अधूनमधून पांढरं पिल्लू यायचं. गॉल्टनच्या अपूर्णांकांत त्याला जागा नव्हती. पण पांढरेपणाचा घटक दोघांकडे एकेरी लपला असेल आणि पिल्लाला तो दोन्हीकडून मिळाला, तर उलगडा सोपा होता. असाच धक्का 1984 च्या जानेवारीत जर्मनीत बसला. बीवर दांपत्याच्या यॉर्कशायर जोडीला निळ्या-सोनेरी रंगासोबत पांढरे पट्टे असलेलं पिल्लू झालं. कित्येक पिढ्या दडून राहिलेला घटक समोर आला आणि त्यातून बीवर टेरियर ही वेगळी जातच उभी राहिली.

रंगांच्या वारशाचा पहिला मोठा आराखडा जनुकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांनी 1957 मध्ये मांडला. अमेरिकेतल्या बार हार्बरची जॅक्सन प्रयोगशाळा त्यांनीच 1929 मध्ये स्थापन केली होती. काळ्या जन्मलेल्या पिल्लाचं वयाबरोबर निळं होणं हा वेगळाच वारसा आहे, त्यामागे स्वतंत्र घटक मानला पाहिजे, हे त्यांनी त्या आराखड्यात नोंदवलं. साधं वाटतं, पण वारसा जन्माच्या क्षणी संपत नाही, तो घड्याळ लावून येतो, हे त्यात स्पष्टपणे मांडलं गेलं होतं.

स्वभावाचा धागाही त्याच बार हार्बरला जातो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे वर्षानुवर्षं पाच जातींची पिल्लं सारख्याच वातावरणात वाढवली. त्यांत राठ केसांचा फॉक्स टेरियर होता. त्याची पिल्लं आपसांत इतकी भांडत, की संपूर्ण वेत एकत्र ठेवणं शक्य होईना आणि गट लहान करावे लागले. 1965 च्या त्यांच्या ग्रंथानंतर जातीचा स्वभाव असतो हे पक्कं झालं, आणि लोकांनी त्यावरून नको तेवढी मोठी उडी घेतली : सात आठवड्यांच्या पिल्लाला उताणं धरायचं, चेंडू टाकायचा, आणि आयुष्यभराचा स्वभाव सांगायचा. ही उडी टिकलेली नाही. 2022 मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की दोन कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे समजतो तो जेमतेम 9 टक्के.

आकार आणि केसांच्या बाबतीत मात्र चित्र झपाट्याने बदललं. 2005 मध्ये टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचून झाला. दोनच वर्षांत जनुकशास्त्रज्ञ इलेन ऑस्ट्रँडर आणि सहकाऱ्यांनी 143 जातींच्या तीन हजारांवर कुत्र्यांमध्ये आयजीएफ-1 या वाढीच्या जनुकाचं एक रूप शोधलं. ते जवळपास सगळ्या छोट्या जातींत सापडतं आणि थोराड जातींत जवळजवळ नसतंच. 2009 मध्ये केसांचा उलगडा झाला : दाढी-मिशा आणि राठपणा एका जनुकातून, लांबी दुसऱ्यातून, कुरळेपणा तिसऱ्यातून. दाढी-मिशांचं रूप प्रभावी आहे, त्याची एक प्रत पुरते. लांब केसांसाठी दोन लागतात. म्हणून राठ केसांच्या दोन जॅक रसेल टेरियरना गुळगुळीत केसांचं पिल्लू होऊ शकतं, पण दोन गुळगुळीतांना राठ केसांचं सहसा होत नाही. जन्मतः दोन्ही पिल्लं सारखीच दिसतात, फरक काही आठवड्यांनी उमटतो. इथे चाचणी खरोखर भविष्य सांगते. त्याच वर्षी स्कॉटिश टेरियर, वेस्ट हायलंड आणि केर्नच्या आखूड पायांमागचं कारणही हाती लागलं. वाढीच्या एका जनुकाची जादा प्रत जीनोममध्ये भलत्याच जागी जाऊन बसली होती.

आता खरी मेख. आयजीएफ-1 चा शोध लागल्यापासून चाचणीने पिल्लाचं अंतिम वजन सांगण्याची आशा बळावली. चाचणी यॉर्कशायर आणि ग्रेट डेनमधला फरक चोख सांगते. पण एका वेतातल्या चार यॉर्कशायर पिल्लांपैकी कोणतं दोन किलोचं राहील आणि कोणतं साडेतीनचं होईल, यावर ती जवळजवळ गप्प असते. कारण चौघांकडेही त्या जनुकाच्या दोन्ही प्रती लहान चण देणाऱ्याच असतात. बेनच्या काळापासून निवड करणाऱ्यांनी तिथला फरकच संपवून टाकला. 2013 मध्ये सहा जनुकं मिळून जातींमधल्या लहान चणीचा जवळपास निम्मा उलगडा करतात असं दिसलं, पण तो उलगडाही जातींमधल्या फरकाचा होता. जातीच्या आत उरतात ती अनेक बारीक जनुकं, आईच्या पोटातली जागा, दूध आणि आजारपण. जन्माचं वजन फसवतं ते यामुळेच. गर्दीच्या वेतातलं किरटं पिल्लू तीन महिन्यांत भावंडांना गाठतं. बारा आठवड्यांच्या वजनाची दुप्पट म्हणजे साधारण मोठेपणीचं वजन, हा पैदासकारांचा जुना ठोकताळा आजही कामी येतो, कारण तो त्या पिल्लाची स्वतःची वाढ मोजतो. माझ्या मते दर आठवड्याला तराजू वापरणारा माणूस नुसती चाचणी करणाऱ्यापेक्षा इथे पुढे असतो. ‘टीकप’, म्हणजे कपात मावेल इतकं लहान, म्हणून पिल्लू विकणाऱ्याने आठव्या आठवड्यात अंतिम वजनाची खात्री दिली, तर त्या खात्रीमागे कोणतंही शास्त्र नसतं.

2022 मध्ये या कथेला अनपेक्षित वळण मिळालं. आयजीएफ-1 जवळचा लहान चण देणारा बदल माणसाने घडवलेला नव्हताच. सैबेरियातल्या सुमारे 54,000 वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही तो सापडला. कोल्ह्यांतही तो आहे. गिरणी-गावांतल्या माणसांनी नवं काही निर्माण केलं नव्हतं, फार जुनं काही वेचून घट्ट केलं होतं.

अंदाजाची सगळ्यात जास्त गरज आहे ती रोगांच्या बाबतीत, आणि तिथे कौतुकाचं काही नाही. जॅक रसेल आणि मिनिएचर बुल टेरियरमध्ये डोळ्याचं भिंग आपल्या जागेवरून निसटण्याचा वारसा आहे. पिल्लू निरोगी दिसतं, वयात येतं, त्याला पिल्लं होतात, आणि मग साधारण तिसऱ्या ते आठव्या वर्षाच्या दरम्यान अचानक डोळा लाल होऊन दुखू लागतो. काही वेळा दृष्टी जाते. तोवर दोष पुढच्या पिढीत गेलेला असतो. 2010 मध्ये त्यामागचा बदल एडीएएमटीएस-17 या जनुकात सापडला. तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावरून, डोळे स्वच्छ असतानाच, पिल्लू निर्दोष आहे, वाहक (एकच सदोष प्रत असलेलं) आहे की धोक्यात आहे हे कळतं. वाहकाला पैदाशीतून काढून टाकायची गरज नसते. निर्दोष जोडीदार दिला, तर एकाही पिल्लाला दोन सदोष प्रती मिळत नाहीत, आणि त्या वेतातली निर्दोष पिल्लं ओळखून वंश पुढे नेता येतो.