खांद्याचा सांधा झिजतो तेव्हा

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक
दांडिया बाजार, बडोदे

उत्तरायण आणि वासी उत्तरायण, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी, हे दोन दिवस गच्चीवर गेले की १६ तारखेपासून आमच्याकडे खांदा धरून येणाऱ्यांची रांग लागते. बहुतेकांचे स्नायू नुसते आंबलेले असतात, चार-सहा दिवसांत उतरतात. पण काही जण खाली आवाजात सांगतात, "पतंग हे निमित्त झालं. दिवाळीत माळ्यावरचे डबे काढतानाच हात अडला होता." हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोल गोळा खांद्याच्या पात्याच्या उथळ वाटीला टेकलेला असतो. उखळ नव्हे, बशीच म्हणा ना. म्हणून तर हात इतक्या दिशांना फिरतो. गोळा आणि वाटी या दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो झिजला की हाडाला हाड घासू लागतं, कडेने हाडाच्या कोंबासारख्या वाढी फुटतात आणि सांधा कुरकुरतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे गेलेला थर पुन्हा भरून येत नाही. "ग्रीस संपलं, आता ग्रीस घाला" असं म्हणून येणाऱ्यांना आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो. राग येतो थोडा, पण पुढचे महिने वाचतात.

गुडघ्याच्या मानाने खांद्याची झीज कमी दिसते, कारण आपण हातांवर चालत नाही. वय हे कारण आहेच. शिवाय पूर्वी खांदा निखळलेला असणं, दंडाचं हाड वरच्या टोकाला मोडलेलं असणं, खांद्याभोवतीच्या स्नायूबंधांची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांची, जुनी फाट, किंवा दुसऱ्या आजारासाठी बराच काळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या औषधामुळे हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडणं. पहिल्या भेटीत आम्ही तिशीतल्या पडझडीबद्दल विचारतो ते यासाठी.

आखाड्यात वाढलेल्या मंडळींची गोष्ट जरा वेगळी. जोर, मुद्गलांची जोडी आणि पुढे जिममधलं बेंचप्रेस अशी वर्षं काढलेल्यांची झीज पुष्कळदा मुख्य सांध्यात नसतेच. ती असते खांद्याच्या माथ्यावर, हंसळीचं हाड पात्याला मिळतं त्या छोट्या सांध्यात. तिथे बोट ठेवलं की कळ येते, आणि दुखरा हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे नेला की जास्तच. हे दुखणं तुलनेने सोपं. व्यायाम सोडायचा नाही, वजन आणि पकड बदलायची. हे ऐकल्यावर एका पहिलवान काकांचा चेहरा जो खुलला, तो आम्ही विसरलेलो नाही.

झीज की खांदा जाम?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. हात वर जात नाही म्हटलं की शेजारचेही सांगतात, "फ्रोजन शोल्डर आहे, मालिश करून घ्या." घरी एक करून पाहा. कोपर कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. मग दुसऱ्या कुणाला तो हळूच न्यायला सांगा. स्वतः नेता येत नाही, पण दुसऱ्याने नेला तर जातो, अशा वेळी संशय स्नायूबंधांवर जातो. दोन्ही प्रकारे अडतो, तर सांधा झिजलाय किंवा त्याचं आवरण आखडलंय, म्हणजे फ्रोजन शोल्डर. या दोहोंतला फरक हाताने नेहमी कळत नाही, तो एक्स-रे सांगतो. फ्रोजन शोल्डरमध्ये एक्स-रे साधारण नॉर्मल येतो. झिजेत गोळा आणि वाटी यांमधली फट कमी झालेली आणि गोळ्याच्या खालच्या कडेला वाढ दिसते. फ्रोजन शोल्डर बहुधा चाळिशी ते साठीत होतो, मधुमेह असलेल्यांना जास्त, आणि तो एक ते तीन वर्षांत बराचसा सुटतो. झीज तशी सुटत नाही, म्हणून वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. एमआरआय मात्र प्रत्येकाला लागत नाही. आधी साधा एक्स-रे काढा, खर्च वाचेल.

सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडत असतील आणि दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजत असतील, तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो. त्याचे डॉक्टर वेगळे. ताप आणि लाल, गरम खांदा, किंवा पडल्यावर हात अजिबात न उचलणं, यांत त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डावा खांदा दुखतोय आणि छातीत दाब, घाम, धाप आहे, तर आमच्याकडे येऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा.

आम्ही काय करतो

ताकद लावून हात वर खेचत नाही. झिजलेल्या सांध्याला ते सोसत नाही. पहिले काही दिवस टेबलाला टेकून हात सैल सोडायचा आणि लंबकासारखा झुलवायचा. मग उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा पंजा बाहेर ढकलायचा. दोन्ही पाती मागे ओढून धरण्याचा व्यायाम तर टीव्ही बघतानाही होतो. आधी दहा मिनिटं शेक घेतला तर सोपं जातं. व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली यायला हवं. आलं नाही, तर कालचा डोस जास्त झाला, आज निम्मा करा. पूर्ण बंद मात्र करू नका. हात गळ्यात बांधून बसलेले लोक सगळ्यात लवकर अडतात.

रात्रीचं दुखणं वेगळंच छळतं. उताणं झोपताना कोपराखाली उशी घ्या. कुशीवर झोपायचं तर चांगल्या बाजूवर, पुढे उशी कवटाळून. कपडे घालताना दुखरा हात आधी आणि काढताना तो शेवटी. काकूंनी पुढे हूक असलेले ब्लाऊज शिवून घ्यावेत, रोजचे डबे छातीच्या उंचीवर आणावेत. पतंग? उडवा, पण पेच नातवाला खेळू द्या, तुम्ही फिरकी धरा.

औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका, विशेषतः मूत्रपिंड, रक्तदाब किंवा पोटाचा त्रास असेल तर. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे ते काही महिने आराम पडतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा. ऑपरेशन जवळ आलं असेल तर सर्जनला इंजेक्शनची तारीख जरूर सांगा, कारण आधीच्या तीन महिन्यांत ते घेतलं असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांनी झीज भरून येत नाही, त्यावर पैसे घालू नका.

एवढं करूनही झोप लागत नसेल आणि केस विंचरता येत नसतील, तर सांधा बदलणं हा पर्याय आहे. तो आजचा नाही. पॅरिसमध्ये जूल पेआँ या सर्जनने १८९३ मध्येच प्लॅटिनम आणि रबराचा खांदा बसवला होता. स्नायूबंध शाबूत असतील तर नेहमीचा सांधा चालतो. ते फाटून गेले असतील तर 'रिव्हर्स' सांधा बसवतात. त्यात गोळा वाटीच्या जागी आणि वाटी गोळ्याच्या जागी येते, आणि हात उचलण्याचं काम दंडाचा वरचा मोठा स्नायू करतो. दहा वर्षांनंतरही यांतले बहुतेक सांधे टिकून असतात. पण ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत आणि पुढे काही महिने व्यायाम, हे धरून चला. घरी मदतीला कुणी आहे का, ते आधी बघा.

येताना जुने एक्स-रे, चालू औषधांची यादी आणि आधी इंजेक्शन झालं असेल तर त्याची तारीख आणा. खांदा मोकळा करता येईल असा सैल कपडा घाला. स्कूटर शक्यतो दुसऱ्याला चालवू द्या.