छोट्या पिस्तुलातील मिसफायर

चाप ओढला, घोडा पडला, टिक आवाज आला, पण बार उडाला नाही, तर त्या प्रकाराला मिसफायर म्हणतात. बोलताना लोक हा शब्द सैल वापरतात. मॅगझिनमधून काडतूस वर न चढणे किंवा रिकामी पुंगळी स्लाईडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागात, उभी अडकणे यालाही मिसफायरच म्हटले जाते. ते वेगळे बिघाड आहेत आणि त्यांना जॅम म्हणणे बरोबर. या नोंदीत मुख्यतः काडतुसाशी निगडित मिसफायरचा विचार केला आहे. उदाहरण म्हणून .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरणारी छोटी पिस्तुले घेतली आहेत, कारण ही तक्रार सर्वाधिक त्यांच्याबाबतच येते.

काडतुसाची रचना

ठासणीच्या बंदुकीत चकमकीची ठिणगी कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्राशी ठेवलेल्या, दारूवर पडायची आणि पावसाळी हवेत ती हमखास दगा द्यायची. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट १८०७ साली घेतले. त्यातून पुढे हे मिश्रण भरलेली तांब्याची टोपी आली. १८४५च्या सुमारास फ्रान्सच्या फ्लोबेरने टोपीची कड रुंद करून तिच्या तोंडावर गोळी बसवली. रिमफायर काडतुसाचा उगम तिथे आहे. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ साली .२२ बोअरचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच वर्षी हिंदुस्थानात एनफिल्ड रायफलच्या कागदी, चरबी लावलेल्या काडतुसांवरून रणकंदन माजले होते. काडतुसाच्या इतिहासाची दोन टोके एकाच सालात सापडतात ती अशी. आजचे .२२ लाँग रायफल काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली काढले.

रिमफायर काडतुसाला बुडाशी वेगळा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, नसतो. पितळी पुंगळीचे बूड बाहेरच्या बाजूला दुमडून पोकळ कड केलेली असते आणि आघाताने पेटणारे मिश्रण त्या पोकळीत बसवलेले असते. कारखान्यात ओल्या मिश्रणाचा इवलासा थेंब पुंगळीत टाकतात, यंत्राने गरगर फिरवून तो कडेच्या पोकळीत पसरवतात आणि वाळवतात. सगळी मेख या टप्प्यात आहे. मिश्रण कडेच्या पूर्ण वर्तुळात सारखे पसरले, तर स्ट्रायकर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारा पोलादी खिळा, कुठेही आपटला तरी काडतूस पेटते. एखादा कोपरा कोरडा राहिला आणि स्ट्रायकर नेमका तिथे आदळला, तर फुसका बार. सेंटरफायर काडतुसात प्रायमर स्वतंत्र तयार होतो आणि बुडाच्या मध्यभागी दाबून बसवला जातो, त्यामुळे असा कोरडा कोपरा राहण्याचा प्रश्न तिथे येत नाही.

मिश्रणाचे रसायन काळानुसार बदलले. जुन्या काडतुसांत पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. ते भरवशाने पेटे, पण क्लोरेटमुळे मागे राहणारा क्षार नळीला गंज आणी. १९२०च्या दशकात बिनगंजाची मिश्रणे बाजारात आली. आज सर्रास लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि थोडे टेट्रासीन वापरतात. यातले टेट्रासीन हे मिश्रण आघाताला संवेदनशील करते, पण दीर्घकाळ उष्णतेत राहिले तर तेच सर्वांत आधी खराब होते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत महिनोन्‌महिने पडलेल्या खोक्यातली काडतुसे वरून कोरी करकरीत दिसतात आणि तरी दगा देतात, त्यामागे हे एक कारण असू शकते.

छोट्या पिस्तुलाची अडचण

लहान पिस्तुलात घोडा हलका असतो आणि त्याला पडायला जागा थोडी असते. स्प्रिंग जास्त कडक केली तर चाप ओढताना बोट दुखते, स्लाईड मागे ओढवत नाही. म्हणून कारागीर मधला मार्ग काढतो आणि स्ट्रायकरचा आघात जेमतेम पुरेल इतका ठेवतो. .२२च्या कडेचे पितळ मात्र रायफलच्या जोरकस आघातासाठी पुरेसे टणक असते. हा ताळमेळ थोडा जरी हुकला, तरी एरवी चांगले काडतूसही पेटत नाही.

अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी खिशात मावणारे पिस्तूल रेखाटले तेव्हा त्यासाठी .२५ एसीपी हे नवे सेंटरफायर काडतूस आणले. १९०५-०६च्या सुमारास हे पिस्तूल निघाले. जोर जवळपास .२२ इतकाच, किंमत मात्र जास्त. मग नवे काडतूस काढण्यात फायदा काय? मधोमध बसवलेला प्रायमर छोट्या पिस्तुलाच्या हलक्या आघातालाही पेटतो, हा त्यातला मोठा फायदा. शंभराहून जास्त वर्षे लोटली तरी .२२ आणि .२५ यांची तुलना निघाली की हाच मुद्दा पुढे येतो.

उडाले नाही ते काडतूस वाचणे

मिसफायर झाला की बहुतेक जण आधी काडतुसाच्या कंपनीला बोल लावतात. दोष काडतुसाचा की पिस्तुलाचा, हे न उडालेल्या काडतुसाच्या कडेवर उमटलेली खूण पुष्कळदा सांगून जाते. ती पाहायला साधे भिंग आणि चांगला उजेड पुरे.

खूण खोल, स्वच्छ आणि कडेवर नीट बसलेली असेल, म्हणजे स्ट्रायकरच्या टोकाचा आकार पितळात उमटलेला दिसत असेल, तर पिस्तुलाने आपले काम केले आहे. त्या जागी मिश्रण नसावे किंवा ते निकामी झाले असावे. रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, असे काडतूस थोडे फिरवून पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, घालतात, म्हणजे आघात कडेच्या दुसऱ्या भागावर पडतो. दुसऱ्या वेळी ते उडाले तर कोरड्या कोपऱ्याचा संशय बळावतो.

खूण उथळ, पुसट किंवा कडेच्या अगदी बाहेरच्या काठावर घसरलेली असेल, तर काडतुसाकडे बोट दाखवण्याची घाई करू नये. घोड्याची स्प्रिंग थकली असेल, स्ट्रायकरच्या वाटेत जुने तेल आणि काजळी थिजली असेल किंवा त्याचे टोक झिजले असेल. ज्या पिस्तुलात घोडा हाताने मागे ओढून आणि नुसता चाप ओढून अशा दोन्ही रीतींनी बार करता येतो, तिथे एक सोपी कसोटी उपलब्ध असते. घोडा आधी चढवून ठेवला तर काडतुसे उडतात, पण नुसत्या चापावर फसतात, असे होत असेल तर स्प्रिंगवर संशय घ्यावा. बऱ्याच रचनांत नुसत्या चापावर घोडा थोड्या कमी अंतरावरून पडतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. खूण मध्यम असते आणि त्याच काडतुसावर दुसरा आघात केला की ते लगेच उडते. अशा वेळी पुष्कळदा काडतूस पहिल्या आघातापूर्वी चेंबरमध्ये पूर्ण बसलेलेच नसते. स्ट्रायकरचा निम्मा जोर ते पुढे ढकलण्यात खर्च होतो आणि उरलेला कड चेपायला पुरत नाही. पहिल्या आघाताने ते जागेवर बसते, दुसऱ्याने उडते. काडतूस पूर्ण न बसण्याचे कारण बहुतेकदा चेंबरमध्ये साठलेला थर असतो. .२२ची शिशाची गोळी पुंगळीच्या तोंडाबाहेर पुंगळीइतकीच जाड असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा लेप असतो. तो लेप, शिशाचे कण आणि जळलेली दारू मिळून चेंबरच्या भिंतीवर चिकट पुटे चढतात. दोन-तीन खोकी उडवल्यावर अचानक मिसफायर सुरू झाले, तर काडतुसाचा ब्रँड बदलण्याआधी चेंबर ब्रशने साफ करून पाहावे. ही तक्रार कितीतरी वेळा तेवढ्यानेच मिटते.

रिकाम्या रिमफायर पिस्तुलाचा चाप ओढून खेळण्याची सवय हेही एक कारण. काडतूस नसताना अनेक जुन्या रचनांत स्ट्रायकर थेट चेंबरच्या काठावर आदळतो आणि तिथे पोलादाला बारीक उंचवटा येतो. मग नवे काडतूस त्या उंचवट्यावर अडकते. बोटाच्या नखाला तो जाणवतो. सरावासाठी प्लॅस्टिकची खोटी काडतुसे मिळतात, ती वापरावीत.

काडतुसाचा जोर

काडतूस पेटण्याइतके चांगले असूनही पिस्तुलाला न मानवणारे असू शकते. खिशातल्या छोट्या पिस्तुलाची स्लाईड हलकी आणि तिला परत आणणारी स्प्रिंग ताठ असते. ती मागे ढकलायला जोरदार काडतूस लागते. आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाची मंद काडतुसे घातली तर स्लाईड पुरती मागे जात नाही, परतताना तिला धक्का कमी मिळतो, पुढचे काडतूस अर्धवट बसते आणि त्याचा मिसफायर होतो. दोष पहिल्या काडतुसाचा, बिघाड दिसतो दुसऱ्यात. स्पर्धेच्या पिस्तुलांचे याच्या उलट असते. ती मध्यम वेगाच्या काडतुसांसाठी घडवलेली असतात आणि जोरदार काडतुसांनी त्यांच्या भागांवर नाहक ताण येतो.

शंका असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेच पिस्तूल ठेवून वेगळ्या ब्रँडची काडतुसे घ्यावीत, आणि फसलेल्या खोक्यातली उरलेली काडतुसे दुसऱ्या, खात्रीच्या हत्यारात चालवून पाहावीत. दोन्ही हत्यारांत खोल खूण पडूनही ती फसली, तर तो लॉट वाईट. खोक्याच्या झाकणावर लॉट क्रमांक छापलेला असतो, म्हणून काडतुसे प्लॅस्टिकच्या डबीत ओतून मूळ खोके फेकून देऊ नये. कारखान्याकडे तक्रार करताना या क्रमांकाला किंमत असते.

साठवण, दमट हवा आणि कळंक

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पावसाळ्याचे चार महिने पितळाचे वैरी. चामड्याच्या पट्ट्यात किंवा पाकिटात ठेवलेली काडतुसे लवकर कळंकतात, कारण चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि ओल मिळून पितळाला खातात. हिरवट थर आलेले काडतूस चेंबरमध्ये नीट बसत नाही, आणि घासून चकचकीत करण्याच्या नादात कड पातळ होते. असे काडतूस वापरूच नये. ओलाव्याइतकेच तेलही वाईट. गंज सोडवणारी पातळ तेले फटीतून आत झिरपतात आणि मिश्रण किंवा दारू मारून टाकतात. पिस्तुलाला तेल लावले की तोच हात काडतुसांना लागणार नाही, एवढी काळजी पुरेशी असते.

पितळाचे आणि पावसाळ्याचे जुने वैर ब्रिटिश लष्कराला हिंदुस्थानातच कळले. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि थंड अवस्थेत खेचलेल्या पितळात दडून राहिलेला ताण, हे त्यामागचे कारण १९२१ साली धातुशास्त्रज्ञांनी मांडले. तेव्हापासून पितळ ठरावीक तापमानाला तापवून ताण काढून टाकण्यावर भर आला. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हा दाखला आजही देतात.

परवान्याचे पिस्तूल बाळगणाऱ्यांकडे भारतात बहुधा .३२ बोअर असतो. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे 'अशनी' त्यांपैकी एक. हे सेंटरफायर असल्याने कोरड्या कोपऱ्याचा प्रश्न येत नाही. इथली खरी अडचण जुन्या साठ्याची. काडतुसे मोजकी मिळतात, म्हणून लोक ती वर्षानुवर्षे कपाटात जपतात आणि एकही उडवून पाहत नाहीत. १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पुंगळीवरची 'के. एफ.' ही खूण परवानाधारकांना चांगली ओळखीची. साल आणि खूण वाचून जुनी काडतुसे आधी सरावात संपवावीत आणि नवी जपावीत, असा शहाणा रिवाज आहे.

बार न उडाल्यावर

टिक आवाज आला आणि बार झाला नाही, तर पिस्तुलाचे तोंड लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून थांबावे. किमान ३० सेकंद, काही रेंजवर पूर्ण मिनिट. काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता असते. आजच्या काडतुसांत असे फार क्वचित होते आणि झाले तरी उशीर सेकंदाच्या अंशाचा असतो, पण तेवढ्यासाठी चेंबर उघडून चेहरा जवळ नेणे परवडणारे नाही. उघड्या चेंबरमध्ये पेटलेले काडतूस पितळाचे तुकडे उडवते.

याहून घातक प्रकार म्हणजे टिक आवाजाऐवजी दबका, फुसका आवाज येणे आणि हाताला धक्का कमी बसणे. इथे प्रायमर पेटलेला असतो, दारू नसते किंवा अपुरी असते, आणि गोळी नळीतच अडकते. सवयीने स्लाईड ओढून पुढची गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. अशा वेळी पिस्तूल रिकामे करून नळीतून आरपार उजेड दिसतो का, हे पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. अडकलेली गोळी काढण्याचे काम जाणत्या कारागिराचे आहे.

स्पर्धेत

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर पिस्तूल प्रकारात ५.६ मिलिमीटरचे, म्हणजे .२२चे रिमफायर काडतूस वापरतात. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले. वेगाच्या मालिकेत मिसफायर झाला तर नेमबाजाने पिस्तूल हातातच धरून तोंड लक्ष्याकडे ठेवायचे आणि मोकळा हात वर करायचा. पंच येऊन तपासतो. चाप ओढला गेला आहे आणि काडतूस उडालेले नाही असे दिसले, तर तो मान्य बिघाड ठरतो आणि नियमानुसार संधी पुन्हा मिळते. पंच येण्याआधी नेमबाजाने स्वतःच स्लाईड उघडली, सेफ्टी काढायची राहिली होती किंवा काडतूस भरलेच नव्हते, तर बिघाड अमान्य होतो आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण जातात. सरावात स्लाईड झटकन ओढून फसलेले काडतूस बाहेर टाकण्याची सवय लागलेल्या नेमबाजाला इथे जड जाते.

न उडालेली काडतुसे रेंजवर वेगळ्या डब्यात टाकतात. पक्कडीने गोळी उपसून दारू काढणे किंवा काडतुसे कचऱ्यात टाकणे, दोन्ही वर्ज्य. घरी अशी काडतुसे साठली तर परवानाधारकाने परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.