शांततेवर हशा पिकवणारा जॅक बेनी

२८ मार्च १९४८, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेत घरोघरी रेडिओ लागले आहेत. विनोदी नट जॅक बेनीचा कार्यक्रम सुरू आहे. कार्यक्रमातला बेनी शेजारच्या रोनाल्ड कोलमन या सिनेनटाकडून त्याचं ऑस्कर मागून घेतो आणि अंधारातून चालत घरी निघतो. वाटेत चोर आडवा येतो आणि दरडावतो, "पैसे की जीव?"

पुढे काहीच ऐकू येत नाही. रेडिओवर शांतता म्हणजे खरं तर यंत्रात बिघाड. इथे मात्र स्टुडिओतले प्रेक्षक हसू लागतात आणि हसतच राहतात. चोराचा धीर सुटतो, तो पुन्हा खेकसतो आणि बेनी म्हणतो, "थांब ना, विचार करतोय!"

आज स्टँड-अप करणारा कलाकार वाक्य अर्धवट सोडून नुसता थांबतो आणि सभागृह हसतं, तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. त्या एका क्षणामागे सोळा वर्षांची तयारी होती. बेनी महाकंजूष आहे हे श्रोत्यांना इतकं पाठ झालं होतं, की तो गप्प बसला तरी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना ऐकू येत होतं. विनोद श्रोत्यांच्याच मनात पूर्ण होत होता.

त्याचं मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. १४ फेब्रुवारी १८९४ रोजी शिकागोत जन्म. बालपण तिथून जवळच्या वॉकीगन गावात. पूर्व युरोपातून आलेलं हे ज्यू कुटुंब. मुलानं मोठा व्हायोलिनवादक व्हावं ही आईवडिलांची इच्छा होती. मुलगा शाळेत रमला नाही, पण व्हायोलिन घेऊन गावातल्या थिएटरच्या वाद्यवृंदात शिरला आणि तिथून व्हॉडव्हिलमध्ये गेला. गाणी, नकला, कसरती, जादू, प्राण्यांचे खेळ असं सगळं एका तिकिटात दाखवणारा हा गावोगाव फिरणारा रंगमंच. यान कुबेलिक या नामवंत व्हायोलिनवादकाच्या बाजूनं आडनावाबद्दल हरकत आली, म्हणून तो बेन के. बेनी झाला. मग बेन बर्नी या दुसऱ्या कलाकाराची तक्रार आली आणि तो जॅक बेनी झाला.

पहिल्या महायुद्धात तो नौदलात होता. तिथल्या करमणुकीच्या कार्यक्रमात व्हायोलिन वाजवताना खलाशांनी हुर्यो उडवली. तेव्हा कुणीतरी कानात सांगितलं, ते वाद्य ठेव आणि बोल त्यांच्याशी. ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली गेली. एवढं खरं, की त्यानंतर व्हायोलिन हातात राहिलं, पण वाजेनासं झालं. ते धरून तो बोलू लागला.

१९३२ साली एड सलिव्हन या पत्रकार-निवेदकाच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदा रेडिओवर आला. आपलं नाव सांगून म्हणाला, आता थोडा वेळ थांबतो, म्हणजे तुम्हाला 'मग आम्ही काय करू?' असं म्हणता येईल. पहिल्याच बोलण्यात विराम होता आणि स्वतःला कमीपणाही होता. त्याच वर्षी मे महिन्यात कॅनडा ड्राय या शीतपेयाच्या कंपनीनं त्याला कार्यक्रम दिला.

इथे त्याच्यापुढे जी अडचण उभी राहिली, ती समजून घेतल्याशिवाय त्याची पुढची कारकीर्द कळत नाही. व्हॉडव्हिलमध्ये वीस मिनिटांचा एक प्रयोग गावोगाव फिरवत वर्षानुवर्षं पुरायचा. रेडिओ तोच प्रयोग एका रात्रीत गिळून टाकायचा आणि पुढच्या खेपेला नवा मागायचा. एकटा माणूस किती किस्से आणणार? मग लेखक आले आणि हळूहळू किश्श्यांची जागा स्वभावानं घेतली. कंजूष, वयाच्या बाबतीत ३९ वर अडलेला, व्हायोलिन कर्कश वाजवणारा आणि तरी स्वतःवर खूश असणारा 'जॅक बेनी' घडला. भोवती माणसं जमली. बायको मेरी लिव्हिंगस्टन, निवेदक डॉन विल्सन, आणि बेनीच्या घरी नोकर असून त्याला बिनधास्त सुनावणारा रॉचेस्टर, म्हणजे कृष्णवर्णीय नट एडी अँडरसन. हे सगळे बेनीची फजिती करायचे आणि हशा त्यांच्या वाट्याला जायचा. कार्यक्रमाच्या मालकानं टाळीचं वाक्य दुसऱ्याला देणं, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. मला त्याचं मोठेपण इथेच दिसतं.

रॉचेस्टरच्या सुरुवातीच्या विनोदांत मात्र कृष्णवर्णीयांबद्दलचे ठरीव समज भरपूर होते. नाझींनी ज्यूंचं काय केलं हे जगासमोर आल्यावर बेनीनं तशा विनोदांना थारा देणं थांबवलं. ते आधीच व्हायला हवं होतं, असं आज वाटतं.

त्या काळी कार्यक्रमाचा खरा मालक प्रायोजक असे. बेनी जाहिरातीचीही थट्टा करायचा: सहारा वाळवंटात महिनाभर तहानलेल्या लोकांना मी कॅनडा ड्राय दिलं, एकानंही आवडलं नाही असं म्हटलं नाही! कंपनीला हे रुचलं नाही आणि १९३३ च्या सुरुवातीला करार संपला. पुढे जेल-ओ ही जेली आणि लकी स्ट्राइक ही सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांबरोबर त्याचं जमलं. १९३६ च्या अखेरीस फ्रेड ॲलन या रेडिओवरच्याच दुसऱ्या विनोदवीरानं आपल्या कार्यक्रमात एका दहा वर्षांच्या मुलाचं व्हायोलिनवादन ऐकवलं आणि बेनीला टोमणा मारला. त्यातून दोघांचं लुटुपुटीचं भांडण सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. प्रत्यक्षात दोघे मित्र होते.

आवाजाची गंमतही विलक्षण होती. आवाजांचा कलाकार मेल ब्लँक बेनीच्या खटारा मॅक्सवेल मोटारीचा खोकला तोंडानं काढायचा. स्टेशनवर रेल्वेगाडीची घोषणा करताना तोच कॅलिफोर्नियातल्या गावांची नावं घेत 'अनाहाइम, अझूसा आणि कुक...' म्हणून थांबायचा. कुकामोंगा या नावातलं उरलेलं 'अमोंगा' यायला इतका वेळ लागायचा, की मध्ये दुसराच प्रसंग होऊन जायचा. विरामाचीच ही आणखी एक तऱ्हा. श्रुतिका ऐकत वाढलेल्या कानांना यातलं कसब लगेच कळेल.

१९४९ मध्ये तो एनबीसी ही प्रसारण कंपनी सोडून तिच्या स्पर्धक सीबीएसवर गेला, १९५० मध्ये टीव्हीवर आला आणि १९५५ मध्ये रेडिओचा कार्यक्रम थांबला. टीव्हीवर शांततेला चेहरा मिळाला: गालावर हात, प्रेक्षकांकडे वळलेली नजर, बस्स. हे १९६५ पर्यंत चाललं.

प्रत्यक्षात तो उदार माणूस होता. १९५६ पासून तो मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर मदतीचे कार्यक्रम करू लागला. मुद्दाम बेसूर वाजवायचा आणि वादकांच्या निधीसाठी लाखो डॉलर उभे करायचा. घरी मात्र मनापासून रियाज करायचा. २६ डिसेंबर १९७४ रोजी, ८० व्या वर्षी तो गेला. त्याच्याकडे एक अस्सल स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे जगात सर्वांत मौल्यवान समजल्या जाणाऱ्या जुन्या इटालियन व्हायोलिनांपैकी एक होतं. ते त्यानं लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाला देऊन ठेवलं होतं.