रक्त गोठणे

जखमेपाशी वाहते रक्त घट्ट होऊन त्याची गुठळी बनण्याची क्रिया. शास्त्रीय नाव रक्तक्लथन. बोलताना ‘रक्त साकळणे’ म्हणतात.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी सुरू झाली की कात्रीने बोट कापणे नेहमीचेच. दुसऱ्या हाताने ते दाबून धरले की काही मिनिटांत रक्त थांबते आणि छाटणी पुढे चालू होते. तेवढ्यात आत बरेच घडलेले असते. कापलेली रक्तवाहिनी आकसते. तिच्या उघड्या पडलेल्या कडेला प्लेटलेट या रक्तातल्या बारीक पेशी चिकटतात आणि एकमेकींना धरून भोकावर बोळा बसवतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण १.५ ते ४.५ लाख असतात. डेंग्यूच्या दिवसांत नाशिकच्या घराघरांत याच आकड्याची चौकशी चालते. पण नुसता बोळा टिकत नाही, त्याला जाळे लागते.

ते जाळे फायब्रिन या प्रथिनाचे. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून थ्रॉम्बिन हे विकर त्याचे धागे तयार करते. हे सारे दही लागण्यासारखे आहे. जखमी ऊतीतला एक घटक रक्त गोठवणाऱ्या क्रमांकित घटकांपैकी सातव्याला भेटतो आणि थोडेसे थ्रॉम्बिन तयार होते. ते पाचव्या, आठव्या व अकराव्या घटकांना चेतवून स्वतःचीच निर्मिती वाढवते. विरजण थेंबभरच, पण लागते सगळे भांडे. पुढे गुठळी आकसते आणि दह्याला पाणी सुटावे तसा पिवळसर रक्तरस बाहेर येतो.

घटकांचे क्रमांक एक ते तेरा. त्यांत सहावा नाही, कारण तो पाचव्याचेच चेतवलेले रूप निघाला. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा घटक बनवताना यकृताला के जीवनसत्त्व लागते. नवजात बाळात ते अपुरे असते, म्हणून जन्मल्याबरोबर त्याचे इंजेक्शन देतात. आठवा घटक कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा कमी असला तर हिमोफिलिया बी, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचे आजार.

ही यंत्रणा किती नाजूक आहे, ते साप चावल्यावर कळते. घोणशीचे विष पाचव्या व दहाव्या घटकांना चेतवते, फुरशाचे थेट प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे ज्यापासून थ्रॉम्बिन बनते त्या दुसऱ्या घटकाला. म्हणजे विष रक्त गोठवतेच, पण जखम नसलेल्या जागी आणि इतके की फायब्रिनोजेन संपून जाते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते आणि ते थांबत नाही. अशा वेळी दंशाच्या जागी ब्लेडने चिरा पाडणे हा निव्वळ घातक प्रकार आहे.

निदानाची चाचणी मात्र अगदी साधी. दोनेक मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात, २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि नळी तिरपी करतात. रक्त पाण्यासारखे ओघळले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी. काचेच्या स्पर्शाने बारावा घटक जागा होतो, प्लास्टिकच्या नळीत तसे नीट होत नाही. साबणाने धुतलेली नळीही फसवते. प्रतिविष दिल्यावरही रक्त लगेच गोठू लागत नाही, कारण यकृताला नवे फायब्रिनोजेन बनवायला वेळ लागतो. म्हणून दर सहा तासांनी नवी नळी भरून पुन्हा तिरपी करून पाहतात.