बोट दाखवल्याने काकडी कुजत नाही

गोव्यात पावसाळी परसात दोडकी, कारली, तवशी (गावठी काकडी) धरू लागली की घरातली मोठी माणसं बजावतात: कोवळ्या फळाकडे बोट दाखवू नका, कुजून गळेल. फळ गळतं हे खरं. पण बोट निर्दोष आहे.

गुन्हेगार फळमाशी. मादी कोवळ्या सालीत सुईसारखा अवयव टोचून आत अंडी घालते. टोचल्या जागी डिंकासारखा थेंब येतो, फळ वाकडं होतं. चिरून पाहा, आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. अळी गरात असल्यामुळे सालीवर कडुनिंबाचं तेल मारून तिला काही होत नाही. कधी परागीभवन न झाल्यानेही कळी पिवळी पडून गळते, तिथे माशीचाही दोष नसतो.

गंमत म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून फळाला फडकं गुंडाळणाऱ्यांचं पीक खरोखर वाचतं, कारण माशीला साल सापडत नाही. फक्त फूल कोमेजून फळ धरल्यावरच गुंडाळा.

कामगंध सापळा (वासाने माशीला ओढून अडकवणारा) घेताना दुकानदाराला वेल कुठला ते सांगा. आंब्याच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉलचं आमिष चालतं, काकडीवर्गातल्या माशीला क्यू-ल्यूर लागतं. सापळ्यात नरच अडकतात, अंडी घालणाऱ्या माद्या मोकळ्याच राहतात, म्हणून किडकी फळं वेलाखाली टाकून ठेवू नका. अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि माटोळीला (चतुर्थीत गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधायच्या तवशीपर्यंत नवी पिढी हजर होते. अशी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.