शोधनिबंधाचे हस्तलिखित

शोधनिबंधाचे हस्तलिखित : प्रयोग, सर्वेक्षण किंवा क्षेत्रीय निरीक्षण यांतून हाती आलेले निष्कर्ष विज्ञान नियतकालिकाकडे समीक्षेसाठी धाडता येतील अशा रूपात मांडून, तक्ते, आकृत्या, संदर्भ आणि आवश्यक घोषणापत्रांसह सिद्ध केलेले लेखन. छापून येईपर्यंत त्याला ‘हस्तलिखित’ म्हणण्याची रीत संगणकाच्या काळातही टिकून आहे. महाविद्यालयांतील रोजच्या बोलण्यात मात्र ‘पेपर’ हाच शब्द चालतो आणि तो नियतकालिकाकडे पाठवण्याला ‘पेपर कम्युनिकेट करणे’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या हस्तलिखिताच्या तयारीचा विचार मुख्यत्वे खानदेशातील, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील संशोधनाच्या अनुषंगाने केला आहे.

विज्ञान नियतकालिकांची परंपरा १६६५ पासूनची आहे. त्या वर्षी मार्चमध्ये हेन्री ओल्डनबर्ग याने लंडनमध्ये रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. भारतात बंगळूरहून निघणारे ‘करंट सायन्स’ १९३२ पासून प्रसिद्ध होत आहे. सुरुवातीचे निबंध पत्रांच्या स्वरूपात असत. प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्कर्ष आणि चर्चा ही आजची चौकट विसाव्या शतकात हळूहळू रुळली व त्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक प्रायोगिक विज्ञानांत सर्वमान्य झाली. खानदेशात या लेखनाला संस्थात्मक आधार मिळाला तो १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि जळगावचे केळी संशोधन केंद्र ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

छापलेला निबंध प्रस्तावनेपासून वाचला जातो, पण तो त्याच क्रमाने लिहिणे हितावह नाही. आधी तक्ते व आकृत्या पक्क्या कराव्यात, मग पद्धती, त्यानंतर निष्कर्ष व चर्चा, आणि प्रस्तावना व सारांश सर्वांत शेवटी, हा क्रम अनुभवी लेखक पाळतात. आपल्या नोंदींतून नेमके काय सिद्ध होते हे तक्ते पुढ्यात आल्याशिवाय लेखकालाही उमगत नाही, आणि ते उमगण्याआधी लिहिलेली प्रस्तावना पुढे न पाळता येणारी आश्वासने देऊन बसते.

पद्धतीचा भाग हा हस्तलिखिताचा कणा होय. ज्याने लेखकाचे शेत, प्रयोगशाळा किंवा जंगल पाहिलेले नाही, अशा माणसाला तेच काम पुन्हा करता यावे इतका तपशील त्यात असावा लागतो. रावेर, यावल किंवा चोपडा तालुक्यात केळीवर प्रयोग करणारा संशोधक ‘मृगबाग’ व ‘कांदेबाग’ हे शब्द सहज वापरतो. पावसाळ्याच्या तोंडी लावलेली बाग ती मृगबाग आणि पावसाळा सरल्यावर लावलेली ती कांदेबाग, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असते. नियतकालिकाच्या वाचकाला ते ठाऊक नसते. म्हणून हे शब्द ठेवावेत, पण त्यांच्यासोबत लागवडीची तारीख, वाण (उदाहरणार्थ ग्रँड नैन), रोपे उतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली) होती की कंदापासून वाढवलेली, दोन झाडांतील अंतर, जमिनीचा प्रकार, ठिबकातून दिलेल्या खतांची मात्रा आणि प्रयोगाच्या काळातील तापमानही द्यावे. जळगावचा उन्हाळा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा भागात ‘उन्हाळ्यात निरीक्षणे घेतली’ एवढ्या वाक्याने कोणताच अर्थबोध होत नाही.

स्थळाच्या नोंदीबाबत खानदेशातील लेखकाने विशेष दक्ष राहिले पाहिजे, कारण या प्रदेशाच्या प्रशासकीय सीमा वारंवार बदलल्या आहेत. जुना एकसंध खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशा दोन भागांत विभागला गेला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे जुन्या वनस्पती-नमुन्याच्या चिठ्ठीवरचे ‘पश्चिम खानदेश’ किंवा १९९५ च्या निबंधातील ‘धुळे जिल्हा’ आजच्या नकाशावर नेमका कुठे येतो, हे संदर्भ देणाऱ्याने तपासून लिहावे लागते. स्वतःच्या नोंदींत गाव, तालुका व जिल्ह्याबरोबर अक्षांश-रेखांश व समुद्रसपाटीपासूनची उंची देणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे.

स्थळाच्या एका खोट्या नोंदीने किती हानी होते याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण खानदेशाशीच जोडलेले आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७३ मध्ये केले. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम खानदेशातून या पक्ष्याचे नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद झाली नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने मात्र आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवल्याचा दावा केला होता आणि पुढच्या शोधमोहिमांची दिशा या दाव्यामुळे चुकत राहिली. पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी तो दावा बाजूला ठेवून जुन्या, विश्वासार्ह चिठ्ठ्यांवरील स्थळे धुंडाळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. या पुनर्शोधाचा निबंध १९९८ मध्ये ‘फोर्कटेल’ या नियतकालिकात आला. पक्षी दिसला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते आणि वर्षभराच्या आत ते नंदुरबारमध्ये गेले. रासमुसेन व निगेल कॉलर यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात दाखवून दिले की माइनर्ट्‌झहागेनचा नमुना हा मुळात डेव्हिडसननेच गोळा केलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला पक्षी होता. प्रामाणिकपणे लिहिलेली चिठ्ठी शतकानंतर एका हरवलेल्या प्रजातीपर्यंत नेऊ शकली, यातच पद्धतीच्या भागाचे मोल दिसून येते.

निष्कर्षांच्या भागात आकडे त्यांच्या अनिश्चिततेसह द्यावयाचे असतात : सरासरीबरोबर प्रमाणित त्रुटी किंवा विचलन, नमुन्यांची संख्या आणि वापरलेली सांख्यिकीय कसोटी. कृषी प्रयोगांत वारंवार होणारी चूक पुनरावृत्तीच्या मोजणीत असते. एका उपचाराचे (म्हणजे तुलनेसाठी वापरलेल्या एखाद्या खतमात्रेचे वा लागवडपद्धतीचे) तीन वाफे असतील आणि प्रत्येक वाफ्यातील वीस झाडे मोजली असतील, तर स्वतंत्र पुनरावृत्ती तीनच होतात, साठ नव्हेत; साठ धरून केलेले विश्लेषण फरक नसताना फरक दाखवते. दुसरी चूक एककांची. शेतकरी एकराचा हिशेब सांगतो आणि नियतकालिक हेक्टर मागते. केळीचे अंतर १·५ × १·५ मीटर असेल तर हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात. प्रत्येक घड २० किलोग्रॅमचा धरला तर हेक्टरी उत्पादन सुमारे ८९ टन येते. एका तक्त्यात घडाचे वजन २० किलोग्रॅम आणि दुसऱ्यात उत्पादन ६० टन असेल, तर समीक्षक हा साधा गुणाकार करून पाहतोच. मोडलेली, विषाणूने मेलेली किंवा उपटलेली झाडे वजा केली असतील तर ते तिथेच लिहिले पाहिजे.

चर्चेत निष्कर्षांची पुनरुक्ती टाळून त्यांचा अर्थ सांगावा, आधीच्या संशोधनाशी त्यांचा मेळ किंवा विरोध दाखवावा आणि मर्यादा कबूल कराव्यात. एका तालुक्यातील एका हंगामाच्या निरीक्षणावरून संपूर्ण महाराष्ट्राला शिफारस करणारा शेवटचा परिच्छेद हा हस्तलिखित परत येण्याचे एक नेहमीचे कारण आहे. सारांश बहुधा १५० ते २५० शब्दांचा असतो. त्यात मुख्य आकडे असावेत, संदर्भ नसावेत. बीजसंज्ञा, म्हणजे निबंध शोधण्यासाठी सारांशाखाली दिलेले शब्द, निवडताना शीर्षकातलेच शब्द पुन्हा न देता शोध घेणारा वापरील असे वेगळे शब्द द्यावेत.

लेखकांची नावे व त्यांचा क्रम हा तांत्रिक वाटणारा, पण सर्वाधिक मनस्ताप देणारा विषय आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी ठरवल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात : संशोधनाच्या कल्पनेत, नोंदींत किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या बौद्धिक फेरतपासणीत सहभाग, अंतिम प्रतीला संमती, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. केवळ पदामुळे किंवा प्रयोगशाळा वापरू दिल्यामुळे नाव घालणे या अटींत बसत नाही. उलट ज्याने भर उन्हात झाडे मोजली त्या मदतनीसाचा आणि ज्याने आपले शेत प्रयोगाला दिले त्या शेतकऱ्याचा उल्लेख ऋणनिर्देशात राहून जातो. तो राहू नये. संस्थेचे नाव सर्व लेखकांनी एकाच रूपात लिहावे. विद्यापीठाचे जुने, नवे आणि संक्षिप्त अशी तीन रूपे वापरली गेल्यास सूचीकार त्या तीन निराळ्या संस्था समजू शकतात. व्यक्तीच्या नावाबाबतची अशीच अडचण दूर करण्यासाठी २०१२ पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळख क्रमांक उपलब्ध आहे.

मानवी सहभाग असलेल्या संशोधनात प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वीच नैतिकता समितीची मान्यता घेतलेली असावी लागते व तिचा क्रमांक हस्तलिखितात द्यावा लागतो. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल आजाराचा अभ्यास करताना संमतिपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत, मग ती भिली असो, पावरी असो वा अहिराणी, वाचून दाखवले होते की नाही, हे पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. प्रश्नावली अहिराणीतून विचारून इंग्रजीत नोंदवली असल्यास भाषांतर कोणी केले व ते कसे पडताळले, हेही सांगावे. एका बोलीशब्दाच्या चुकीच्या भाषांतराने आजाराचे लक्षणच बदलू शकते. सातपुड्यातील पावरा व भिल्ल वैदूंकडून औषधी वनस्पतींची माहिती घेणाऱ्याने जैवविविधता अधिनियम, २००२ ची चौकट आणि स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीची भूमिका समजून घ्यावी. ज्यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहे त्यांना केवळ ‘माहितगार’ म्हणून एका ओळीत उरकणे अन्यायाचे आहे.

नियतकालिकाची निवड हस्तलिखित पूर्ण होण्यापूर्वीच करणे सोयीचे, कारण शब्दमर्यादा, संदर्भशैली व आकृत्यांचे स्वरूप त्यावर ठरते. छायाचित्रांना सामान्यतः प्रतिइंच किमान ३०० बिंदूंची स्पष्टता लागते. पैसे घेऊन कोणत्याही समीक्षेशिवाय काही दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय’ प्रकाशन देणाऱ्या फसव्या नियतकालिकांनी महाराष्ट्रातील अनेक संशोधकांची मेहनत वाया घालवली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक निबंध प्रसिद्ध असणे सक्तीचे होते, आणि त्या निकडीचा या बाजाराने फायदा घेतला. २०२२ च्या नियमांत ही सक्ती उरली नाही. आयोगाची मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता संशोधक व त्याच्या मार्गदर्शकावर आली आहे. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या विषयात काम करतात का, मागील अंकांतील निबंध वाचण्याजोगे आहेत का आणि शुल्क आधीच स्पष्ट सांगितले आहे का, एवढे पाहिले तरी बरीच फसवणूक टळते. चांगली नियतकालिके वाचायला मिळण्याची अडचण ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांपुरती बरीच कमी केली आहे.

आयोगाच्या २०१८ च्या वाङ्‌मयचौर्यविषयक नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. या आकड्याचा एक विपरीत परिणाम असा झाला की शब्द फिरवून टक्केवारी खाली आणणे यालाच काही जण प्रामाणिकपणा समजू लागले. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडली तरी तिचे श्रेय द्यावेच लागते, आणि संगणकाला ते चौर्य सापडले नाही तरी जाणत्या समीक्षकाला सापडते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना लेखक म्हणून मान्यता नाही, अशी भूमिका प्रमुख प्रकाशकांनी २०२३ पासून घेतली आहे. अशा साधनांचा वापर केला असल्यास तो जाहीर करावा लागतो.

हस्तलिखित संकेतस्थळावरून सादर करताना संपादकाला उद्देशून एक पत्र जोडले जाते. त्यात निष्कर्षाचे नावीन्य दोन-तीन वाक्यांत सांगून, निबंध अन्यत्र प्रसिद्ध झालेला नाही व एकाच वेळी दुसरीकडे पाठवलेला नाही, असे नमूद करतात. समीक्षकांचे अभिप्राय आल्यावर प्रत्येक मुद्द्याला क्रमाने, बदल कोणत्या ओळीत केला हे दाखवून उत्तर द्यावे. न पटलेल्या मुद्द्याला पुराव्यासह नकार देण्यात काहीच गैर नाही. स्वीकृतीनंतर मुद्रिते (छपाईपूर्व तपासणीच्या प्रती) तपासायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात. तेवढ्या वेळात तक्त्यांतील दशांशचिन्हे आणि रोमन लिपीत गेलेली स्थळनामे पुन्हा पाहावीत : यावल, अक्कलकुवा, तोरणमाळ ही नावे जुन्या कागदपत्रांत निरनिराळ्या वर्णलेखनांनी आढळतात, आणि निबंधात जे रूप छापले जाईल त्याच रूपाने पुढचा संशोधक ते गाव शोधणार असतो.