दूरच्या विद्यार्थ्याची ओळख: टपालापासून मोबाइलपर्यंत

ऑनलाइन अभ्यासक्रम काढायचं ठरलं की बैठकीत पहिला विषय निघतो तो ॲपचा. व्हिडिओ किती मिनिटांचे, क्विझ कुठे टाकायची, बॅज द्यायचे का, यावर तासभर चर्चा होते. शिकणारी व्यक्ती कोण आहे, फोन तिचा स्वतःचा आहे की घरात मिळून एकच आहे, दिवसातून तिला मोकळा वेळ कधी मिळतो, हे प्रश्न उशिरा येतात. तोवर निम्मे व्हिडिओ तयार झालेले असतात. ही सवय आजची नाही. घरबसल्या शिक्षणाच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात जवळपास प्रत्येक नवं माध्यम एकाच ठरावीक विद्यार्थ्याला गृहीत धरून सुरू झालं. नंतर खरे विद्यार्थी आले आणि त्यांनी त्या माध्यमाला वळण लावलं.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं आणि एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. आयझॅक पिटमन यांनी त्याचा उपयोग लघुलिपी शिकवण्यासाठी केला. विद्यार्थी बायबलमधला उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचे आणि तो तपासून, दुरुस्त होऊन त्यांच्याकडे परत यायचा. या व्यवस्थेचा जीव त्या परत येणाऱ्या कागदात होता. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचलं, कुठे चुकलं ते दाखवलं, एवढ्यावर माणूस पुढचा धडा उघडतो. पुढे यंत्रं आली, उपग्रह आले, पण हा परतीचा कागद अनेकदा विसरला गेला, आणि तो विसरला की विद्यार्थी गळू लागले.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत तिथे अभ्यास सुरू झाला. प्रवेशासाठी आधीच्या पदवीची किंवा गुणांची अट नव्हती. बीबीसीवर व्याख्यानं लागायची, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसाहित्याचे खोके घरपोच जायचे. त्या खोक्यांचं आणि टीव्हीचं कौतुक जगभर झालं, पण विद्यापीठाचा खरा आधार होते प्रत्येक विद्यार्थ्याला नेमून दिलेले मार्गदर्शक. नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या माणसाचा गृहपाठ ते वाचायचे आणि समासात सविस्तर लिहायचे.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रव्यवहाराने शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. वर्गातल्या विद्यार्थ्याला जे शिकवलं जायचं तेच छापून पाठवलं जायचं. मग १९८२ मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये इग्नू, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ.

नाशिकच्या विद्यापीठापाशी मला थोडं थांबायचं आहे. आज इंग्रजीत 'लर्नर-सेंटर्ड डिझाइन' म्हणून, म्हणजे शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवून केलेली रचना म्हणून, जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच काही तिथे मराठीत, शाईने छापलेल्या पुस्तकांत आधीच होऊन गेलं आहे. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी 'पूर्वतयारी' शिक्षणक्रम होता. तो पार केला की पदवीला बसता यायचं. शेतकऱ्यांसाठी शेतीचे शिक्षणक्रम निघाले. गावातल्या किंवा तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र, तिथे सुट्टीच्या दिवशी संमंत्रण सत्र, आणि शिकवणाऱ्याला नाव 'संमंत्रक'. व्याख्यान द्यायचं हे त्याचं मुख्य काम नव्हतं. विद्यार्थी घरी वाचून जिथे अडला असेल तिथून त्याला पुढे काढायचं, हे होतं.

स्वयंअध्ययनाचं पुस्तक कसं रचलेलं असतं ते पाहण्यासारखं आहे. घटकाच्या तोंडाशी चार-पाच ओळींत उद्दिष्टं: हा घटक वाचून झाल्यावर तुम्हांला अमुक सांगता येईल, तमुक करता येईल. मग दोन-तीन पानांचा मजकूर, लहान वाक्यांत, थेट 'तुम्ही' असं बोलत. त्यानंतर चौकटीत स्वयंअध्ययन प्रश्न आणि खाली उत्तर लिहायला मोकळी जागा. उत्तरं घटकाच्या शेवटी, म्हणजे आधी स्वतः लिहायचं आणि मग पान उलटून पडताळायचं. शेवटी सारांश, कठीण शब्दांचे अर्थ, आणि शेतावर किंवा कामाच्या जागी करून बघायचं एखादं काम. दिवसभर राबून आलेल्या माणसाला अर्ध्या तासात एक टप्पा पुरा करता यावा, असं त्या पानांचं माप. आजच्या 'मायक्रोलर्निंग'मध्ये, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांत शिकण्यात, यापेक्षा वेगळं फार काही नाही, आणि ते मोकळ्या जागेचे चार इंच तर बऱ्याच ॲपांत आजही सापडत नाहीत. तिथे लिहिण्याऐवजी चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवलं की काम झालं.

याच काळात दुसरी धारा प्रक्षेपणाची होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून टीव्हीने शिकवून पाहण्याचा 'साइट' हा प्रयोग भारतात चालला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसले. त्यांना जोडलेल्या अँटेनाच्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम, चार भाषांत. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तांत्रिकदृष्ट्या हे काम थक्क करणारं होतं. पण राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेशाच्या खेड्यांना एकच हिंदी पुरवली जात होती, आणि मुलाने पडद्याला विचारलेला प्रश्न कुठेच पोचत नव्हता. त्याच सुमारास गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी लहान प्रक्षेपण केंद्र चालू झालं. साइट राबवणाऱ्या इस्रोच्याच मंडळींनी तिथे उलट बाजूने विचार केला: गावकऱ्यांशी आधी बोलायचं, कार्यक्रमांत त्यांनाच घ्यायचं, त्यांची बोली ठेवायची. मला साइटपेक्षा खेडा जास्त शिकवून जातो. एका जिल्ह्याची नीट ओळख करून घेतली तर माध्यमाचा तोकडेपणा पुष्कळसा भरून निघतो.

१९८४ च्या १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. छोट्या गावांतल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी तो होता आणि भाषा प्रामुख्याने इंग्रजी. विरोधाभास उघड आहे.

कॉम्प्युटरने पहिल्यांदा ज्याच्या-त्याच्या गतीची सोय करून दिली. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' हे कॉम्प्युटरवरून शिकवण्याचं तंत्र उभारलं. विद्यार्थी उत्तर देई, यंत्र लगेच प्रतिसाद देई, चुकलं तर मदतीचा वेगळा रस्ता दाखवी. पिटमनचा परतीचा कागद आता क्षणात येऊ लागला. महाराष्ट्रात ही लाट सामान्य माणसापर्यंत आली ती २००१ मध्ये, एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे. दहावी झालेली मुलं, नोकरीत प्रमाणपत्र हवं असलेले सरकारी कर्मचारी, घर सांभाळणाऱ्या बायका एकाच केंद्रात माउस धरायला शिकल्या. अभ्यास मराठीतही करता येत होता. केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर होतं. पन्नाशीच्या कारकुनाला 'माउस असा नाही, असा धरा' म्हणून सांगणारं कुणीतरी शेजारी उभं होतं. या तीन गोष्टींचं महत्त्व सॉफ्टवेअरपेक्षा कमी नव्हतं.

मग २०११ आलं. स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी सर्वांसाठी खुला केला आणि सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा, एडएक्स, युडॅसिटी हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच उभे राहिले. विद्यापीठं आता मोडीत निघणार असं बोललं जाऊ लागलं. नावं नोंदवणाऱ्यांपैकी थोडेच शेवटपर्यंत पोचत होते, आणि पाहण्या झाल्या तेव्हा दिसलं की बरेचसे विद्यार्थी आधीच पदवीधर होते. म्हणजे ज्याला शिकायची सवय आहे, इंग्रजी आहे, चांगलं इंटरनेट आहे, तोच पुन्हा शिकत होता. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे पायाभूत अभ्यासक्रम चालवून पाहिले. त्यात गणितात आधी नापास झालेले होते, शाळकरी मुलं होती, काहींच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. निकाल निराशाजनक लागले आणि काही महिन्यांतच प्रयोग थांबवला गेला. दोष त्या मुलांचा नव्हता. धडे त्यांच्यासाठी घडवलेलेच नव्हते.

त्या पडझडीतून काही पक्कं ज्ञान मात्र हाती लागलं. २०१४ मध्ये फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्सच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, मध्यक, म्हणजे मधला आकडा, बघता लोक सहा मिनिटांहून जास्त टिकत नव्हते. वर्गातल्या व्याख्यानाचं चित्रीकरण कापून केलेल्या तुकड्यांपेक्षा टेबलाशी बसून साधेपणाने बोलणारा शिक्षक, किंवा बोलता बोलता हाताने आकृती काढत जाणारा शिक्षक जास्त पाहिला जात होता. महागडा स्टुडिओ लागतोच असं नाही, ही आपल्याकडच्या शिक्षकांना मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे.

इथेच एका गैरसमजाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. 'वेगवेगळे विद्यार्थी' म्हटलं की कार्यशाळांत अजूनही फळ्यावर येतं: काही डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी, काही हातांनी. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन धुंडाळलं, तेव्हा अशी विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माणसं वेगळी असतात ती आधी किती येतं यात, भाषेत, वेळेत, साधनांत आणि शरीरात. नकाशा कुणालाही नकाशा पाहूनच समजतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला तो बोटांनी किंवा नीट केलेल्या वर्णनाने समजवावा लागतो. ही त्याची 'शैली' नव्हे, त्याचा हक्क आहे.

या हक्काचा इतिहासही वेगळा लिहिण्याजोगा आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत 'कास्ट' ही संस्था अपंग मुलांना कॉम्प्युटरची मदत कशी होईल हे शोधायला निघाली आणि काही वर्षांत तिने प्रश्नच उलटा केला: मुलाला अभ्यासक्रमात बसवण्यापेक्षा अभ्यासक्रमच असा करू की कुणाला बाहेर राहावं लागणार नाही. वेबसाठी सुगम्यतेची, म्हणजे अपंगांनाही ती वापरता यावी यासाठीची, पहिली मार्गदर्शक तत्त्वं १९९९ मध्ये आली. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला. मराठीत याची एक खास अडचण होती. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच संगणकीय अक्षरपद्धत, येऊन वर्षं लोटली तरी आपल्याकडचा बराच मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होत राहिला. पडद्यावर अक्षरं सुरेख देवनागरी दिसतात, पण फाइलच्या पोटात असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती फाइल उघडतो आणि 'शिवाजी' ऐवजी इंग्रजी अक्षरांची, कंसांची, टक्क्याच्या खुणांची माळ वाचत सुटतो. स्कॅन करून चढवलेल्या पीडीएफचं तर त्याहून वाईट: तिथे यंत्राला वाचायला काहीच नसतं. डोळस माणसाला यातलं काही जाणवत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच चढवलं जातं.

२०१७ साली जुलैत 'स्वयं' आणि ५ सप्टेंबरला 'दीक्षा' हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे मंच आले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हा उपयोग त्याआधीच केला होता. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा तो जगाला कळला. कल्पना साधी आहे: मुलाच्या हातात पुस्तक आहेच, धडा वाचताना जिथे अडेल तिथेच ध्वनी, चित्र, कविता उघडायची.

पण कोड स्कॅन करायला फोन लागतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्क्यांकडे कॉम्प्युटर होता आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या आकड्यांना चेहरे आले. वडील कामावर गेले की फोनही गेला, आणि दोन भावंडांचे तास एकाच वेळी. शिक्षकांनी मग जे हाताला लागेल त्याने शिकवलं. सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. मुलं अंतर ठेवून एकेका भिंतीसमोर उभी राहून वाचू लागली. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर 'बोलकी शाळा' ध्वनिवर्धकावरून भरली. त्याच जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तिच्यात घरातल्याच वस्तू घेऊन, घरच्यांसोबत करून बघायच्या कृती होत्या. केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' सूचनांनी त्याच महिन्यात आठवीपर्यंतच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं सुचवली. त्यानंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांचं भारतीय सांकेतिक भाषेत रूपांतर करण्यासाठी करार झाला आणि कर्णबधिर मुलांसाठीचे ते व्हिडिओ दीक्षावर येऊ लागले.

आता शाळा भरतात, आणि महामारीत घाईने केलेले हजारो व्हिडिओ तसेच पडून आहेत. त्यांतले बरेच चाळीस मिनिटांचे, प्रमाण मराठीतले आणि उपशीर्षकांविना. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या, मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिलीत मराठीच नवी असते. त्याच्यासाठी त्याच्या भाषेतून मराठीकडे नेणारे धडे हवेत, ते फोनवर एकदा उतरवून नेटशिवाय चालायला हवेत, आणि मुलाने बोलून दिलेलं उत्तर आठवड्यातून एकदा तरी त्याच्या शिक्षकाने ऐकायला हवं. यासाठी लागणारं सगळं तंत्र आज साध्या स्मार्टफोनमध्ये आहे. नव्या अभ्यासक्रमाचा खर्च मांडताना उत्तरं ऐकणाऱ्या त्या शिक्षकाच्या तासांचा रकाना पहिला भरला पाहिजे, व्हिडिओचा त्यानंतर.